पासष्टीची अट

बँकेत नोकरी करताना माझ्या बदल्या पुष्कळ झाल्या. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातलं धडगाव, बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजुरांचा भाग, रत्नागिरीतला एक डोंगराळ तालुका आणि शेवटची काही वर्षं पुणे. शाखा कुठलीही असो, काउंटरपुढे सगळ्यात आधी येऊन बसलेली आणि सगळ्यात शेवटी उठणारी माणसं म्हातारीच असत. त्यांच्याशी बोलता बोलता एक गोष्ट मनात पक्की होत गेली, ती इथे मांडायची आहे. आपल्या राज्यात म्हातारपण सगळ्यांना एकाच वयात येत नाही, पण सरकारी योजना सगळ्यांकडे एकच वय मागतात. ज्यांचं शरीर आधी थकतं आणि जे आधी मरतात, त्यांच्या पदरात या योजनांमधून सर्वांत कमी पडतं.

आधी नियम पाहू. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ पूर्ण लागतं. घरचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. २१,००० म्हणजे अख्ख्या कुटुंबाचे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. एवढ्या गरिबाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. जुलै २०२३ पर्यंत ते १,००० होते. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत वयाची अट २०११ मध्ये ६० वर आली. पण त्यात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी महिना २०० रुपये आहे आणि २००७ पासून तो वाढलेला नाही. चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली, तिलाही ६५ वर्षांची अट आहे. उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान कार्ड ७० नंतर मिळतं. एसटीचा मोफत प्रवास ७५ नंतर.

वाचताना यात वावगं वाटत नाही. वय हा तर सगळ्यांना सारखाच निकष. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या अभ्यासकांनी २०२२ मध्ये नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून आयुर्मानाचा हिशेब मांडला. त्यात महाराष्ट्र नाही, उत्तर आणि मध्य भारतातली राज्यं, ओडिशा आणि आसाम आहेत. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आणि मुस्लिमांचं सुमारे एक वर्ष कमी निघालं. गरिबी हे याचं कारण आहेच, पण पैशाच्या फरकातून या तफावतीचा निम्म्याहूनही कमी भाग उलगडतो, असं हा अभ्यास सांगतो. बाकीचा भाग कुठून येतो? घर कुठे आहे, पाणी कोणत्या विहिरीचं, दवाखाना किती लांब आणि तिथे गेल्यावर आपल्याशी कोण कसं बोलतं, यातून तो येत असावा, असं मी जे पाहिलं त्यावरून म्हणेन. राज्याराज्यांतलं अंतर तर याहून मोठं आहे. २०१४ ते २०१८ या काळात केरळात जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान ७५.३ वर्षं होतं, छत्तीसगडात ६५.२.

धडगावला माझ्यासमोर येत ती बहुतेक पावरा आणि भिल्ल समाजाची माणसं. वय विचारलं तर उत्तर वर्षांत मिळत नसे. एक आजी म्हणाल्या, बाहत्तरच्या दुष्काळात मला तीन लेकरं होती. त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९५८. म्हणजे दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या, आणि तेव्हाच तीन मुलांची आई. त्या भागात १ जानेवारीला जन्मलेली म्हातारी माणसं गावोगाव भेटतात, कारण नोंदणीच्या वेळी कागद नसला की वर्ष अंदाजाने टाकलं जायचं आणि तारीख यंत्रच भरायचं. अंदाज करणारा तरुण ऑपरेटर. त्याने दहा वर्षं कमी धरली की आजींचा पगार दहा वर्षं लांबला. (श्रावणबाळाच्या पैशाला गावाकडे पगारच म्हणतात.) योजनेसाठी वय सिद्ध करायला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा वयाचा दाखला चालतो, पण त्यासाठी पाड्यावरून डोंगर उतरून यायचं, डॉक्टर भेटतील त्या दिवशी यायचं, आणि आपली भाषा पावरी असताना मराठीत सांगायचं. आजींना मी अर्ज लिहून दिला. पुढे माझी बदली झाली.

सातपुड्यात घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात, मधे ओढा किंवा टेकडी. गुडघे गेलेल्या माणसासाठी शेजारसुद्धा लांबचा असतो. काही पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूची झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. जिथे एसटीच पोचत नाही, तिथे तिकीट माफ असलं काय आणि नसलं काय. जीपवाल्याला पूर्ण पैसे द्यावेच लागतात. पाच लाखांचं कार्ड हातात असलं तरी ते जिथे चालतं ते इस्पितळ घाट उतरून शहादा किंवा नंदुरबारच्या बाजूला असतं, आणि तिथे रात्री सोबत राहणाऱ्या मुलाची मजुरी बुडते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. घरातल्यांनी टाकून दिलेलं म्हातारं माणूस मला तिथे जवळपास दिसलंच नाही. ज्याला चालता येतं तो गुरं राखतो, जिला बसता येतं ती मोहाची फुलं वाळवते, आणि होळीला म्हातारी माणसंही सगळ्यांत असतात. आदिवासी म्हणजे सगळ्याच बाबतीत मागे, असं समजून वृद्धांची काळजी घ्यायला त्यांना शहरातून कुणी शिकवू नये. त्यांना कमी पडतो तो रस्ता, डॉक्टर आणि वेळेवर मिळालेला पैसा.

बीड जिल्ह्यात चित्र निराळं होतं. दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने फडातच राहणार. मागे गावात म्हातारे आणि नातवंडं. इथे वृद्धांची काळजी कोण घेतं, हा प्रश्नच लागू पडत नाही, कारण काळजी घेणारे वृद्धच असतात. पहाटे पाणी आणायचं, पोरांना शाळेत धाडायचं, शेळ्या बघायच्या, ताप आला तर उचलून न्यायचं. हे करणारी आजी स्वतः बहुतेक वेळा आयुष्यभर ऊस तोडून, डोक्यावर मोळ्या वाहून कंबर मोडलेली असते.

ऊसतोड मजूर साठीपर्यंत फडात टिकत नाही. पन्नाशी ओलांडली, मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढता येईना, की मुकादम उचल देत नाही. खात्याची चौकशी करायला आलेला एक गृहस्थ मला म्हणाला, "मॅडम, मुकादम म्हणतो तू म्हातारा झालास. तहसीलात गेलो तर म्हणतात अजून दहा वरसं थांबा." त्याचं वय तेव्हा पंचावन्न. कमाई थांबली पंचावन्नला, पगार सुरू होणार पासष्टला. मधल्या दहा वर्षांत माणसाने काय खायचं, याचं पुरेसं उत्तर कुठल्याही योजनेत नाही. संजय गांधी निराधार योजना पासष्टीच्या आतल्यांना मिळते हे खरं, पण ती विधवा, परित्यक्ता, अपंग, गंभीर आजारी अशांसाठी आहे. नुसता झिजलेला माणूस तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बायकांचं म्हातारपण तर आणखी आधी सुरू होतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. काम बुडू नये, खाडा पडून दंड बसू नये, पोटाचं दुखणं एकदाचं मिटावं म्हणून केलेली ही शस्त्रक्रिया. तरुणपणी गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेलं की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेली बाई पंचेचाळिशीला कंबर धरून चालते. तिला श्रावणबाळचा पगार द्यायला सरकार अजून वीस वर्षं थांबणार.

आणि एवढं करून पगार सुरू झालाच, तर अंगठ्याचा प्रश्न. कोयत्याच्या मुठीने, मातीने, राखेने बोटांवरच्या रेषा गेलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की नकार. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा, दुसरं बोट, तिसरं बोट. पेन धरणाऱ्या हाताचा ठसा पहिल्या फटक्यात उमटतो आणि ऊस तोडणाऱ्या हाताचा उमटत नाही, हे मी रोज पाहिलं आहे. डिसेंबर २०२४ पासून या योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येऊ लागले. मधली गळती थांबली, हे चांगलंच झालं. पण ज्याचं आधार खात्याला नीट जोडलेलं नाही त्याचा पगार अडकतो, आणि तो का अडकला हे सांगायला खेड्यात कुणी नसतं.

कोकणात पैसा हा तसा पहिला प्रश्न नव्हता. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. पुरुष मुंबईत, आणि आता सुनाही मुंबईत. वाडीतली निम्मी घरं कुलपात, गणपती आणि शिमग्याला उघडणारी. उरलेल्या घरांत एकेकटी आजी किंवा म्हातारं जोडपं. गिरणीत किंवा गोदीत काढलेल्या नोकरीची थोडी पेन्शन, मुलगा पाठवतो ते पैसे, चार कलमं. खात्यात शिल्लक असे. पण पावसाळ्यात रात्री छातीत दुखलं तर गाडीपर्यंत नेणारा तरुण माणूस वाडीत नसे. बिछान्यावरच्या एका आजोबांची सही घ्यायला मी पायऱ्या उतरून त्यांच्या घरी गेले होते. रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायला बँकांना २०१७ मध्ये सांगितलं आहे, पण दोन-तीन माणसांच्या शाखेतून कोण कुणाकडे जाणार? काम झाल्यावर त्यांच्या पत्नी मला सोडायलाच तयार नव्हत्या. चहा झाला, मग पोहे, मग आमसुलं बांधून दिली. त्या घरात बाहेरचं माणूस किती दिवसांनी आलं होतं कोण जाणे.

म्हणून वृद्धांचं हित मोजायला एकच फूटपट्टी पुरत नाही. सातपुड्यातल्या आजींकडे माणसं आहेत, पैसा आणि दवाखाना नाही. कोकणातल्या आजींकडे पैसा आहे, माणसं नाहीत. बीडच्या आजींकडे दोन्ही नाही, उलट जबाबदारी आहे.

पुण्यात आल्यावर मला चौथी बाजू दिसली, तीही माझ्याच घरात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत मावशी आल्या, हिंगोली जिल्ह्यातल्या. अंघोळ घालणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी बघणं, हे त्यांनी इतक्या मायेने केलं की मला जमलं नसतं. पुण्या-मुंबईत बारा तासांच्या, चोवीस तासांच्या कामाला येणाऱ्या मावश्यांना विचारून बघा. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या किती निघतात ते. आमच्या मावशींची स्वतःची सासू गावी होती, डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि तिच्याकडे बघायला तेरा वर्षांची नात होती. माझ्या सासूबाईंना मिळालेली काळजी कुठून तरी काढून आणलेली होती, हे मला तेव्हा कळलं. सासूच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून आम्ही मावशींना पैसे दिले, सुट्टी दिली. पण एका घराने असं केल्याने जिल्ह्याजिल्ह्यातला हिशेब सुटत नाही. गरीब भागातून धान्य आणि मजूर येतात हे आपण जाणतो. आता तिथून म्हाताऱ्यांच्या वाट्याची काळजीही शहरात येते आहे.

आकडेवारी वाचताना एक सावधगिरी हवी. आपल्या देशात वृद्धांची सर्वांत मोठी पाहणी मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केली. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची. अशा पाहण्यांत केरळात जुनाट आजारांचं प्रमाण जास्त दिसतं आणि मागास राज्यांत कमी. मग केरळची माणसं जास्त आजारी का? अमर्त्य सेन यांनी २००२ मध्येच हा मुद्दा मांडला होता. केरळात माणसं सर्वांत जास्त जगतात आणि आजारही सर्वांत जास्त सांगतात, बिहारमध्ये कमी जगतात आणि आजार कमी सांगतात. कारण जिथे रक्तदाब मोजणारंच कुणी नाही तिथे माणसाला आपला रक्तदाब माहीत नसतो, आणि म्हातारपणी दुखायचंच असं धरून तो गप्प बसतो. धडगावला 'काही आजार आहे का' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि ते सांगणाऱ्या माणसाचा धापा टाकतानाचा आवाज ऐकला आहे. अशा 'नाही'च्या बेरजेवरून जिल्ह्याला निधी ठरला तर ज्याला गरज जास्त त्याला कमी मिळणार.

शिकण्यासारखी एक गोष्ट केरळने केली आहे. कोझिकोडमध्ये १९९३ साली वेदनाशामक उपचारांचं छोटं काम सुरू झालं, त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्वयंसेवक होऊन अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जायची पद्धत रुजली. २००८ मध्ये राज्याने तिचं धोरण केलं आणि पंचायतींवर जबाबदारी टाकली. नर्स घरी येते. आपल्या ग्रामपंचायतींना हे अशक्य नाही. कोकणातल्या त्या वाडीला याचीच सर्वांत जास्त गरज होती.

आणि वयाच्या अटीचं काय करायचं, तेही कुणी तरी करून दाखवलं आहे. झारखंडने २०२३-२४ मध्ये आदिवासी, दलित आणि सर्व महिलांसाठी वृद्धापकाळ पेन्शनचं वय ५० वर आणलं. मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी कारण सरळ सांगितलं होतं. या समाजांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे आणि साठीनंतर त्यांना काम मिळत नाही. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवा इतरांना ६५ नंतर मिळतात, तिथल्या मूलनिवासींना ५० पासून. गडचिरोलीतल्या सिरोंचाहून प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागतं. तिथे वय ५७ आणि महिना २,०१६ रुपये. दोन्ही काठांवर एकाच भाषेत बोलणारी, एकाच सोयरिकीतली माणसं राहतात.

हे जातीवर किंवा जमातीवर आधारलेलं झुकतं माप झालं, असं मला काही जण म्हणाले. मी त्यांना एवढंच सांगते की आज माप झुकलेलंच आहे, आपल्यासारख्यांकडे. मी पेन्शनधारक आहे. नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देते आणि तो दोन मिनिटांत होतो. पासष्टीनंतर एसटीचं अर्धं तिकीट मिळतं, पंचाहत्तरीला माफ होईल, आणि मी तोवर जगण्याची शक्यता चांगली आहे. धडगावच्या आजींच्या बाबतीत ती तेवढी नाही.

महाराष्ट्र सरकारने आदिवासी तालुक्यांत आणि ऊसतोड कुटुंबांसाठी श्रावणबाळ योजनेचं वय निदान पंचावन्नवर आणावं. २१,००० ची मर्यादा आजच्या मजुरीला धरून बदलावी. आधारवरच्या वयाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांनीच पाड्यावर शिबिर घेऊन दाखले द्यावेत, माणसाला खेटे घालायला लावू नये. तोवर वाचकांना एक विनंती. श्रावणबाळ आणि निराधार योजनांच्या लाभार्थ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पगार बंद पडतो. तुमच्या गावी, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी असं कुणी असेल, तर खात्याला आधार जोडलंय का आणि दाखला गेलाय का, एवढं विचारा. अडलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन त्यांना लावून द्या, आणि जमलं तर तहसीलपर्यंत त्यांच्यासोबत जा.